अण्णांना फिरवायचं ठरलं तेव्हा

माझ्या ऑफिसात फायली साठतात आणि घरी सहलींचे किस्से. फायलींचं बरं असतं. ठरावीक वर्षं झाली की वरून आदेश येतो, मग रद्दीवाला येतो आणि कपाटाचा एक खण मोकळा होतो. किस्से कुणी नेत नाही. उलट बारशात, लग्नाच्या पंगतीत, अगदी दवाखान्याच्या बाकावरसुद्धा कुणीतरी म्हणतंच, "सुजाता, तो महाबळेश्वरचा सांग ना." सांगितला की सगळे हसतात. तेव्हा मी हसत नव्हते. त्या सगळ्या सहली ठरवायचं काम माझ्याकडे होतं.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीचे ड्रायव्हर. त्यांची सगळी नोकरी स्वारगेटहून सुटणाऱ्या गाड्यांवर गेली. ते निवृत्त झाले त्याच सुमाराला माझा धाकटा भाऊ राहुल हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला. हिंजवडीत तेव्हा एका बाजूला ऊस होता आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या इमारती. दोन वर्षांत राहुलचं लग्न झालं, नागपूरची पल्लवी घरात आली, तीही आयटीतली. मग गाडी आली. पांढरी, छोटी, पाच जणांची. मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घराखाली ती उभी राहिली तेव्हा आईनं तिच्यावर फुलं वाहिली आणि अण्णांनी वाकून चाकं तपासली.

राहुल मला म्हणाला, "ताई, अण्णांनी जन्मभर लोकांना फिरवलं. आता आपण अण्णांना फिरवायचं. महिन्यातून एक रविवार. प्लॅनिंग तू कर."

मी सरकारी नोकरीत, त्यामुळे मला प्लॅनिंग जमतं असा घरात समज. मी एक कोरी वही घेतली, अण्णांच्या समोर बसले आणि विचारलं, "अण्णा, महाबळेश्वर पाहिलंय?"

"पाच-सातशे वेळा गेलो असेन."

"हो, पण पाहिलंय का?"

"स्टँड पाहिलाय."

"बरं, अलिबाग?"

"स्टँड चांगला आहे. पंखे चालू असतात."

"समुद्र?"

"तो स्टँडवरून दिसत नाही."

असं पाऊण तास चाललं. शेवटी माझ्या वहीत पाहायच्या ठिकाणांची यादी झालीच नाही. कुठल्या स्टँडवरची भजी गरम मिळतात आणि कुठला चहा पिऊ नये, याची मात्र चार पानं झाली.

*

आता गाडी पाच जणांची आणि माणसं सात. अण्णा, आई, राहुल, पल्लवी, मी, माझा नवरा मिलिंद आणि आमची मुलगी मुक्ता, तेव्हा नऊ वर्षांची. मिलिंद शाळेत भूगोल शिकवतो. पहिल्याच बैठकीत तो म्हणाला, "मी नाही आलो तरी चालेल." हे वाक्य तो इतक्या तत्परतेनं बोलला की मी ते अजून विसरलेले नाही. राहिलो सहा. मुक्ता कुणाच्या तरी मांडीवर बसेल, असं सर्वानुमते ठरलं. कुणाच्या तरी म्हणजे माझ्या.

निघायची वेळ अण्णांनी ठरवली. सहा दहा.

मी म्हटलं, "अण्णा, सहा म्हणा की सरळ. लक्षात ठेवायला सोपं."

"सहाला सातारा सुटते," अण्णा म्हणाले.

ज्या गाडीशी त्यांचा आता काहीएक संबंध नव्हता, तिच्यामागे दहा मिनिटांचं अंतर ठेवून आम्ही निघायचं होतं.

पहिल्या रविवारी अण्णा पावणेसहालाच पुढच्या सीटवर बसले. पांढरा शर्ट, केस चापून बसवलेले, मांडीवर पाण्याची बाटली. आई डबे घेऊन मागे बसली. मी आणि मुक्ता बसलो. राहुल स्टिअरिंगवर. पल्लवी कॅमेरा विसरली म्हणून परत वर गेली.

सहा दहा झाले. अण्णांनी डॅशबोर्डवर दोनदा थाप मारली आणि म्हणाले, "चल."

राहुल लहानपणापासून त्या थापेच्या धाकात वाढलेला. त्यानं गाडी काढली. गाडी गल्लीतून बाहेर पडली, कोपऱ्यावर वळली, तेव्हा आई हळूच म्हणाली, "अहो, पल्लवी राहिली."

अण्णांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "मागच्या गाडीनं येईल," ते म्हणाले.

राहुलनं ब्रेक मारला. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. "तुम्ही कुठं जाऊन राहिले?" पल्लवीचा आवाज मागच्या सीटपर्यंत ऐकू येत होता. "मी खाली उभी आहे ना इथं!" आम्ही मागे गेलो. ती आली, बसली आणि सातारा रस्त्यावरच्या खंडाळ्यापर्यंत कुणाशी एक शब्द बोलली नाही. मी मध्ये बसले होते, त्यामुळे ते न बोलणं सगळं माझ्याच अंगावर आलं.

त्यानंतर मात्र पल्लवी कधी लेट झाली नाही. सहलीलाच नाही, कुठंच नाही. तिच्या मॅनेजरनं वर्षअखेरीच्या शेऱ्यात वक्तशीरपणाचं खास कौतुक केलं. ते पत्र तिनं घरी आणून अण्णांसमोर ठेवलं. अण्णांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे."

*

ती पहिली सहल महाबळेश्वरची. महिना ऑगस्ट. ऑगस्टात महाबळेश्वरला जायची कल्पना कुणाची होती, हे मला विचारू नका. वही माझ्याकडे होती.

पसरणीचा घाट चढताना अण्णांचा उजवा पाय सतत खाली दाबला जात होता. प्रत्येक वळणाला ते न दिसणारा ब्रेक मारत होते. राहुल आधीच घाबरलेला. "अण्णा, पाय नका ना मारू, मला टेन्शन येतं," तो म्हणाला.

"मी काही मारत नाही. तो आपोआप जातोय."

महाबळेश्वरला पोचलो तर चार हातांवरचं दिसत नव्हतं. गाडी लावली. मी वही उघडली. सकाळी दोन पॉइंट, दुपारी एक, मध्ये देऊळ आणि तळं, असं सगळं वेळेसकट लिहिलेलं होतं. अण्णा उतरले, त्यांनी पँट सारखी केली आणि म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी स्टँडवर आहे. साडेतीनला या."

"अण्णा, तुमच्यासाठी आलोय आपण इथं!"

"मग मी आलोय की."

ते धुक्यात शिरले आणि दोन पावलांत दिसेनासे झाले.

आम्ही पाच जणांनी ठरल्याप्रमाणे सगळं केलं. पहिल्या पॉइंटवर कठड्यापाशी उभे राहिलो. समोर पांढरं. गाइड म्हणाला, "इथून खाली कोकण दिसतं." दुसऱ्या पॉइंटवर गेलो. समोर पांढरं. तिथला गाइड म्हणाला, "इथून धबधबा दिसतो." पल्लवीनं दोन्हीकडे फोटो काढले. आजही ते अल्बममध्ये आहेत आणि कुठला कुठला ते कुणालाही सांगता येत नाही. तिसरा पॉइंट मी रद्द केला. मुक्ता भिजली, आईची चप्पल तुटली. स्ट्रॉबेरीचा हंगाम नव्हता, त्यामुळे आम्ही स्ट्रॉबेरीचं चित्र असलेल्या दुकानात उभं राहून मक्याचं कणीस खाल्लं.

साडेतीनला स्टँडवर आलो. अण्णा ड्रायव्हर लोकांच्या विश्रांतीच्या खोलीतून बाहेर आले. झोप झालेली, तोंड धुतलेलं. त्यांच्याबरोबर दोन जुने सहकारी होते. मिसळ झाली होती, भजी झाली होती, वीस वर्षांच्या गप्पा झाल्या होत्या.

"काय काय पाहिलंत?" अण्णांनी विचारलं.

"धुकं," मी म्हटलं.

"ते इथंही होतं."

*

भाज्याची लेणी आमची अजून राहिली आहेत, ती कशी ते सांगते.

बुद्धपौर्णिमेच्या आधीचा रविवार होता. आईला लेण्यात जाऊन वंदना करायची होती. नवा एक्सप्रेसवे तेव्हा नुकताच सुरू झालेला आणि राहुलला त्यावर गाडी पळवायची हौस. अण्णांनी साफ नकार दिला. "त्या रस्त्यावर माणूस चढत नाही, उतरत नाही. तो कसला रस्ता?" म्हणून आम्ही जुन्या हायवेनं निघालो आणि वाटेतल्या प्रत्येक स्टँडवर थांबत गेलो.

वडगावच्या पुढं रस्त्याच्या कडेला एक म्हातारी उभी होती. डोक्यावर पाटी, पाटीवर फडकं. तिनं हात केला. तिनं आम्हाला हात केला नव्हता, मागून येणाऱ्या कुठल्याही गाडीला केला होता. पण अण्णा म्हणाले, "थांबव," आणि राहुल थांबला.

"कुठं जायचं, बाई?" अण्णांनी काच खाली करून विचारलं.

"पवनेच्या अंगाला. लेकीकडं. गाडी गेली का वो?"

"सव्वानऊची गेली. आता पावणेबाराशिवाय नाही. या."

मी म्हटलं, "अण्णा, जागा कुठं आहे?"

"सरका जरा," अण्णा म्हणाले. हे त्यांनी मला सांगितलं नाही. ते समोरच्या काचेकडे बघून, गाडीतल्या सगळ्या प्रवाशांना उद्देशून बोलले.

आम्ही सरकलो. म्हणजे आई दारात चेपली, पल्लवी अर्धी आईच्या मांडीवर, मुक्ता माझ्या मांडीवर आणि पाटी मुक्ताच्या मांडीवर. पाटीत लेकीसाठी डिंकाचे लाडू होते. लेक बाळंत झाली होती. मावळातल्या त्या अरुंद रस्त्यानं म्हातारी वळणं सांगत होती, ती म्हणेल तिथं राहुल गाडी घालत होता. एका ठिकाणी रस्ता संपला. म्हातारी म्हणाली, "आता हितनं थोडंच."

गावात पोचलो तेव्हा बारा वाजले होते. बाळंतिणीच्या घरी जेवल्याशिवाय सोडेनात. आईनं बाळाला मांडीवर घेतलं. राहुलला गाडी उलटी फिरवायला जागा मिळेना म्हणून चार माणसं आली आणि त्यांनी गाडीचा मागचा भाग उचलून फिरवून दिला. निघता निघता साडेतीन झाले. भाज्याच्या पायथ्याशी यायला पाच. अण्णांनी पायऱ्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि सांगितलं, "वर अर्धा तास, खाली अर्धा तास. बसत नाही." आईनं खालूनच हात जोडले.

पण मला त्या दिवसातलं आठवतं ते गावातून निघतानाचं. म्हातारी गाडीपाशी आली, पदराची गाठ सोडायला लागली आणि अण्णांना म्हणाली, "ड्रायव्हरसायेब, तिकिट किती झालं?"

अण्णा खरं तर राहुलच्या शेजारी बसलेले. त्यांना ती ड्रायव्हर कशी म्हणाली, कुणास ठाऊक. अण्णांनी मात्र तिची चूक सुधारली नाही.

"राहू द्या, बाई," ते म्हणाले. "आज कंडक्टर नाही."

*

राहुलच्या कंपनीचे साहेब लोक अमेरिकेत राहायचे आणि नेमके आमच्या रविवारी जागे असायचे. एकदा अलिबाग ठरलं होतं. मी तीन आठवडे खपून भरती-ओहोटीच्या वेळासुद्धा लिहून घेतल्या होत्या. भूगोलाच्या शिक्षकाचा आयुष्यात तेवढा उपयोग झाला. आईनं पहाटे उठून पुऱ्या तळल्या, बटाट्याची भाजी केली, चटणी वाटली. सहा वाजता राहुलचा फोन वाजला. तो पाच मिनिटं इंग्रजीत "येस, येस" म्हणाला आणि फोन ठेवून आमच्याकडे बघत राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"प्रॉडक्शनमध्ये इश्यू आहे. जावं लागेल. दोन तासांचं काम आहे फक्त."

आई म्हणाली, "पुऱ्या केल्यात."

तर मग सगळेच हिंजवडीला जाऊ, राहुलचं काम झालं की तिथूनच पुढं निघू, असं ठरलं. कुणी ठरवलं ते विचारू नका, वही माझ्याकडे होती.

राहुल आत गेला. आम्ही बाहेर फाटकाजवळच्या हिरवळीवर सतरंजी अंथरली. दोन तासांचे चार झाले, तरी तो आला नाही. एक सिक्युरिटीवाला आला. आमच्याकडे, मग डब्यांकडे, मग परत आमच्याकडे पाहत म्हणाला, "इथं बसता येणार नाही. आपलं इथं काय काम आहे?"

"आमचा मुलगा आत आहे," आई म्हणाली.

"तो कधी येईल?"

"तुम्हीच सांगा. तुमच्या आत आहे."

मग त्याला आईनं कागदावर दोन पुऱ्या आणि भाजी दिली. तो पाठ करून, उभ्यानं खाऊन गेला आणि पुन्हा आला नाही.

अण्णा मात्र त्या दिवशी खूश होते. कंपन्यांच्या बसगाड्या ओळीनं उभ्या होत्या. ते प्रत्येक गाडीच्या भोवती फिरून आले. परत आल्यावर म्हणाले, "एवढ्या गाड्या, आणि एक कंट्रोलर नाही. यांचं कसं चालतं?" राहुल साडेतीनला बाहेर आला. त्याचे डोळे लाल झाले होते. अलिबागचं नाव कुणी काढलं नाही. आम्ही सतरंजी झटकली आणि घरी आलो.

पुढच्या आठवड्यात मुक्ताच्या शाळेत निबंध होता, 'आमची अविस्मरणीय सहल'. तिनं प्रामाणिकपणे हिंजवडीवर लिहिला. बाईंनी खाली लाल शाईनं शेरा दिला होता: 'निसर्गवर्णन कमी पडले.'

*

मग पल्लवीच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की, आता पॉइंट-बिइंट जुनं झालं, लोक शेतावर जातात. लोणी काळभोरच्या पुढं एका शेतकऱ्यानं तशी सोय केली होती. बैलगाडीची फेरी, विहिरीत पोहणं, पिठलं-भाकरी, झाडाखाली बाज. पल्लवीनं संगणकावरून छापून आणलेला कागदच माझ्या हातात दिला. वर लिहिलं होतं, 'अनुभवा अस्सल ग्रामीण जीवन'.

मी आईला वाचून दाखवलं. ती तेव्हा कणीक मळत होती. "कुणाचं जीवन?" तिनं विचारलं. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही.

गेलो. मालक मोठा हौशी माणूस. डोक्याला फेटा, हातात मोबाइल. बायकांना त्यानं एका ओसरीवर नेलं. तिथं एक जातं मांडलं होतं, भोवती रांगोळी, बाजूला सुपात ज्वारी. आधीच्या पाहुण्या बाया पाळीपाळीनं बसून फोटो काढत होत्या.

"बसा की मावशी," तो आईला म्हणाला. "दळून बघा. लई मजा हाय. समदे पाहुणे फोटू काढत्यात."

आई बसली नाही. वाकून तिनं जात्याचा खुंटा धरला, वरची पाळी अर्धी फिरवली आणि सोडून दिली.

"बसा, बसा, लाजू नका."

"मला येतं," आई म्हणाली. "सात वर्षांची असल्यापासून येतं. हे सुटावं म्हणून माझ्या आईनं मला पुण्यात दिली."

मालक हसला. त्याला वाटलं, मावशी गमतीच्या आहेत. राहुलचा चेहरा उतरला. पैसे भरून आईला जात्यापाशी आणलं, हे त्याला तेव्हा कळलं असावं. मला तर आदल्या रात्री कागद वाचतानाच कळायला हवं होतं. आई मागच्या बाजूला गेली. तिथं धुरात दोघी बाया चाळीस पाहुण्यांच्या भाकरी थापत होत्या. त्यांच्यापाशी ती दुपारभर बसून राहिली. काय बोलत होत्या कोण जाणे, पण तिघी अधूनमधून हसत होत्या.

संध्याकाळी निघताना मालकानं अभिप्रायाची वही पुढं केली. राहुलनं लिहिलं, 'छान अनुभव.' पल्लवीनं लिहिलं, 'मुलांना खूप आवडले.' अण्णांनी लिहिलं, 'फाट्यावर थांब्याची पाटी नाही.' मग आईनं वही मागितली. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिनं एकेक अक्षर नीट काढत एक ओळ लिहिली आणि खाली पूर्ण नाव घातलं.

'गावात पिठाची गिरणी काढावी.'

*

आईला साठ वर्षं पूर्ण होणार होती. राहुल म्हणाला, "ताई, या वेळी आईला विचारू. ती म्हणेल तिथं."

खरं सांगायचं तर तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी गेले, वही घेऊन बसले आणि विचारलं, "आई, तुला कुठं जायचंय?"

ती म्हणाली, "विचार करून सांगते."

चार दिवस विचार चालला. मी रोज ऑफिसातून फोन करायचे. "झाला का विचार?" "चाललाय." पाचव्या दिवशी तिनंच फोन केला.

"ठरलं," आई म्हणाली. "तुम्ही सगळे जा."

"आणि तू?"

"मी घरी."

"अगं आई, सहल तुझ्यासाठी आहे."

"म्हणूनच सांगते. सगळे जा. यांनाही घेऊन जा. मिलिंदरावांनाही न्या. आणि सहाच्या आत येऊ नका."

राहुलला वाटलं, ती कशावरून तरी रागावली. त्यानं पल्लवीकडे पाहिलं, पल्लवीनं त्याच्याकडे. दोघांनी आपापल्या परीनं विचारलं, काही चुकलं का. "काही नाही रे," आई म्हणाली. "साठीला काय पाहिजे ते विचारलंस ना? हे पाहिजे. आणि डबा करणार नाही."

मी वहीत लिहून घेतलं. दुसरं काय करणार?

रविवारी आम्ही निघालो. आई नव्हती म्हणून मिलिंदला जागा झाली, त्यामुळे त्याला कसलंही कारण सांगता आलं नाही. पानशेतच्या बाजूला गेलो. पाणी पाहिलं. एका हॉटेलात जेवलो, भाजीत मीठ जास्त होतं. अण्णा दोनदा म्हणाले, "गॅस बंद केला असेल ना तिनं?" राहुल म्हणाला, "एकटी काय करत असेल?" पल्लवी म्हणाली, "फोन करू का?" मी म्हटलं, "नको." तीन वाजता करण्यासारखं काही उरलं नाही आणि आम्ही गाडीत बसलो.

पाचला मंगळवार पेठेत पोचलो. जिना चढून वर गेलो. दाराला आतून कडी. राहुलनं बेल वाजवली. बऱ्याच वेळानं आतून आईचा आवाज आला.

"कोण?"

"आम्ही."

"किती वाजले?"

राहुलनं घड्याळात पाहिलं. "पाच."

मग आई म्हणाली, "मग?"

आणि तिची पावलं दारापासून लांब गेली.

आम्ही सहा जण एकामागून एक जिना उतरलो आणि परत गाडीत जाऊन बसलो. खाली शेखकाकांचं शिवणकामाचं दुकान. ते मशिनवरून मान वर करून म्हणाले, "आत्ता कुठं निघालात, राहुल?"

"निघालो नाही, काका. आलोय."

शेखकाकांनी आमच्याकडे नीट पाहिलं. काचा वर, गाडी बंद, आत सहा माणसं. मग त्यांनी पुन्हा मशिन सुरू केलं. समोरच्या किराणा दुकानदारानं विचारलं. दुधवाल्यानं विचारलं. तिसऱ्यानं विचारल्यावर राहुलनं डोकं स्टिअरिंगवर टेकलं. मुक्ता म्हणाली, "आई, मला घरी जायचंय." मी म्हटलं, "सगळ्यांनाच जायचंय." मिलिंद झोपून गेला. अण्णा पुढच्या सीटवर ताठ बसून होते. आमच्या खिडकीला पडदा ओढलेला होता. अण्णा त्या पडद्याकडे पाहत होते.

सहा वाजता आम्ही वर गेलो. दार उघडं होतं.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. केस धुतलेले, मोकळे सोडलेले, पाठीवर पसरलेले. तिचे केस मोकळे मी कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते. घर सकाळी होतं तसंच. ओट्यावर एकच कप, धुऊन पालथा घातलेला. ती उठली नाही. पल्लवी आत गेली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं. आम्ही जागा मिळेल तिथं बसलो. दिवसभर काय केलंस, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. अण्णांनाही नाही.

"छान झाली का सहल?" आईनं विचारलं.

"झाली," मी म्हटलं.

"बरं झालं." तिनं केस हातावर घेऊन सावकाश गुंडाळायला सुरुवात केली. "पुढच्या रविवारी कुठं जाताय?"